कान झाकले म्हणून मन झाकले काय?

कीर्तनाला रंग चढला आहे. टाळकरी उभे आहेत, मृदंगावर थाप पडते आहे, मंडपाच्या चारी खांबांवरचे कर्णे गर्जत आहेत. अशा वेळी दहा-बारा वर्षांचा एखादा मुलगा दोन्ही कान गच्च दाबतो, डोळे मिटून मागेपुढे झुलू लागतो आणि एकाएकी किंचाळून मंडपाबाहेर धाव घेतो. त्याच्यामागे त्याची आई धावते. बसलेल्यांत कोणी म्हणतो, "पोराला वळण नाही." कोणी म्हणतो, "देवाचं नाव सोसत नाही बघा, काहीतरी बाधा असणार." एखादी म्हातारी कळवळ्यानेच सांगते, "बाई, याला घरी ठेवत जा." आणि पुढच्या खेपेला ती बाई खरोखरच घरी राहते. मुलगाही गेला आणि आईचे कीर्तनही गेले.

वाचकहो, असे कोणत्याही गावी घडू शकते. म्हणून आज एवढाच प्रश्न विचारात घेऊ, की त्या मुलाने कान झाकले ते कशाला झाकले? नामाला झाकले, का आणखी कशाला? आणि कान झाकले म्हणजे मनही झाकले असे म्हणता येईल काय?

अशा काही मुलांना आज मराठीत 'स्वमग्न' म्हणतात. हा शब्द इंग्रजीतल्या 'ऑटिझम' वरून आला. ऑयगेन ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरांनी १९११ साली तो शब्द एका निराळ्याच मनोविकाराच्या संबंधात वापरला होता. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः'. पुढे १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांची हकीकत लिहिली. ही मुले माणसांच्या नजरेला नजर देत नाहीत, एकच गोष्ट पुनःपुन्हा करतात, रोजच्या क्रमात जरा बदल झाला की कासावीस होतात, असे त्यांना दिसले. त्या स्थितीला हेच नाव पुढे चिकटले. नाव तर मिळाले. पण नावानेच एक घोटाळाही केला. 'स्वतःत बुडालेला' असे म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, याला जगाचे काही पडलेले नाही, याला बाहेरचे कळतच नाही.

आता मौज अशी, की त्याच १९४३ च्या लेखात कॅनर यांनी नेमके उलटे दिसणारे काही टिपून ठेवले आहे. झाडू मारण्याचे यंत्र, इमारतीतला पाळणा म्हणजे लिफ्ट, नळाचे वाहते पाणी, अंडी फेटण्याचे साधन, चावीची खेळणी, इतकेच काय, कधी वारासुद्धा या मुलांना भयाने व्याकूळ करी. ज्याला बाहेरचे कळत नाही त्याला वाऱ्याचे भय कसे वाटेल? ज्याचे दार बंद आहे त्याच्या घरात धूळ कशी शिरेल? हे दार बंद नसून सताड उघडे आहे, त्याला अडसरच नाही, ही शंका तेव्हाच यायला हवी होती. ती पुरती यायला बरीच वर्षे गेली. २०१३ साली अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा आवाज, स्पर्श, वास, उजेड यांची अति किंवा अगदी कमी जाणीव हे स्वमग्नतेच्या लक्षणांत रीतसर लिहिले गेले.

दृष्टान्त घ्या. पिठाच्या गिरणीत आपण दळण घेऊन गेलो तर पहिल्या क्षणी कान फुटतील असे वाटते. गिरणीवाला मात्र त्याच खडखडाटात हिशेब करतो, गप्पा मारतो, दुपारची डुलकीही काढतो. त्याचे कान खराब झाले काय? नाही. जो आवाज रोजचा आहे, ज्यात नवे काही नाही, तो मनाने बाजूला ठेवला. आपल्या सर्वांच्याच मेंदूत असा एक द्वारपाल बसलेला आहे. अंगावरचा सदरा सकाळी घातला की घटकाभराने तो अंगावर आहे हेही आपण विसरतो. पंख्याची घरघर, दिव्याच्या नळीची गुणगुण, शेजारच्या घरातली फोडणी, रस्त्यावरचा भोंगा, हे सारे दाराशी येते आणि द्वारपाल त्याला परत पाठवतो.

पुष्कळशा स्वमग्न माणसांचा हा द्वारपाल फार सावकाश शिकतो. म्हणून त्यांना सदऱ्याच्या मानेमागची चिठ्ठी दिवसभर टोचत राहते. दिव्याची गुणगुण आणि आईची हाक दोन्ही सारख्याच जोराने आत येतात, आणि त्यांतली हाक कोणती हे वेचून काढताना जीव थकून जातो. आपण म्हणतो, "हाक मारली तरी ओ देत नाही." अहो, त्याला एक हाक ऐकू आली नाही, कारण त्याच वेळी शंभर हाका ऐकू येत होत्या.

हाच विचार पुढे नेऊन २००७ साली स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे हेन्री मार्कराम, कामिला मार्कराम आणि तानिया रिनाल्डी यांनी एक सिद्धान्त मांडला. हेन्री यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न आहे. त्यांचे म्हणणे असे, की या माणसांत जाणिवेचा तुटवडा नसून पूर आहे. जग त्यांच्यापर्यंत फार जोराने, फार प्रखर होऊन पोहोचते, म्हणून ती मागे सरतात. हा सिद्धान्त उंदरांवरच्या प्रयोगांतून निघाला आणि सर्व शास्त्रज्ञांनी तो मान्य केला आहे असे नाही. सर्व स्वमग्न माणसे एका साच्याची नाहीत, हेही खरे. काहींना उलट जाणीव फार कमी असते. भाजले, लागले तरी समजत नाही. मोठा आवाज, गरगर फिरणे हवेहवेसे वाटते. एकाच मुलाला आवाज सोसवत नाही आणि थंडी मात्र जाणवत नाही, असेही असते. पण या विचाराने एक मोठे काम केले. मागे सरणे म्हणजे प्रेम नसणे, हा आपला जुना हिशेब चुकीचा असू शकतो, हे त्याने दाखवले.

टेम्पल ग्रँडिन या अमेरिकेतल्या बाईंचे उदाहरण इथे सांगण्यासारखे आहे. १९४७ साली जन्मलेल्या या बाई स्वमग्न आहेत आणि जनावरांच्या शास्त्राच्या प्राध्यापिका आहेत. त्या सांगतात, की लहानपणी कोणी मिठी मारली तर लाट अंगावर कोसळल्यासारखे होई आणि त्या अंग आखडून घेत. पण मिठी हवी असेच! मावशीच्या गुरांच्या वाड्यावर त्यांनी पाहिले, की लस टोचताना गुरांना दोन फळ्यांमध्ये हलकेच आवळून धरतात आणि बावरलेली काही गुरे त्यात शांत होतात. त्यावरून त्यांनी स्वतःसाठी तसे दोन फळ्यांचे यंत्र बनवले. दाब किती आणि केव्हा, हे ठरवणारी दोरी त्यांच्या हाती असे. लोक म्हणत होते, हिला माया नको. तिला माया हवी होती, पण सोसेल अशा मापाने.

वारकऱ्यांनी ही गोष्ट जरा मनात घोळवावी. आपण एकमेकांना उराउरी भेटतो, वाकून पायांना हात लावतो, कपाळी ओला गंध नि बुक्का लावतो. आपल्याला त्यात आनंद आहे. पण ज्याच्या कातडीला ओल्या बोटाचा स्पर्श ठिणगीसारखा लागतो, तो कपाळ मागे घेईल. त्याने गंध नाकारला, देव नाकारला नाही. भाजलेल्या माणसाला भेटताना आपण उराशी आवळतो का? दुरून हात जोडतो. तिथे आपले प्रेम कमी झाले असे कोणी म्हणत नाही. इथले भाजणे डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

आता अशा माणसाविषयी आपल्याकडून दोन प्रकारे अन्याय होतो. पहिला म्हणजे दोष देण्याचा. परदेशात एके काळी शिकलेले लोकसुद्धा म्हणत, की आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली याच मताचा ग्रंथ लिहिला. त्याच्या तीन वर्षे आधी, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड या स्वमग्न मुलाच्या पित्याने हे मत खोडून काढले होते, आणि आज ते टाकाऊ ठरले आहे. स्वमग्नता जन्मतःच मेंदूच्या घडणीत असते. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आईच्या वागण्याचा नाही. आपल्याकडे त्या मताची जागा 'बाहेरची बाधा' आणि 'मागल्या जन्मीचे पाप' यांनी घेतली आहे. शब्द निराळे, पण मार त्याच आईला. रात्र-रात्र जागून जिने पोर सांभाळले, तिलाच आपण पापाचा हिशेब विचारायचा, हे कोणत्या संतांनी शिकवले?

दुसरा अन्याय गोड दिसतो, म्हणून तो लवकर ध्यानात येत नाही. कोणी म्हणतो, "अहो, हा तर योगी! स्वतःत मग्न! हा विदेही पुरुष!" आणि त्याच्या पाया पडू लागतो. योग्याने इंद्रिये आवरलेली असतात. या मुलाची इंद्रिये त्याला आवरत नाहीत, ती त्याला सोलून काढतात. तो कान दाबून बसतो ते समाधीसुखात नव्हे, वेदनेत. त्याला देव केले, की त्याच्या वेदनेवर उपाय करण्याची आपली जबाबदारी संपते, ही त्यात मेख आहे. त्याच्या तीव्र जाणिवेत आनंदही असतो, हे खोटे नाही. झाडाच्या पानांतून हलणारा उजेड, पाण्यावरची लकाकी, एकच सूर, यांत तो तासन् तास रमतो, आणि त्याला त्यात जे दिसते ते आपल्या भरड डोळ्यांना दिसत नाही. पण तो संत आहे की नाही हे ठरवण्याचे काम आपल्याकडे दिलेले नाही. तो माणूस आहे, दुखणारा आणि रमणारा. एवढे पुरे आहे.

मग त्याच्याशी वागावे कसे? याचे उत्तर बाहेर शोधायला नको. ज्ञानदेवांची ताटीची कथा आपल्याला ठाऊक आहे. लोकांच्या बोलण्याने मन दुखावले आणि ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. मुक्ताबाई आली. वयाने धाकटी. तिने ताटी मोडली नाही, आत शिरून हात धरून ओढले नाही, आणि "बसा असेच" म्हणून निघूनही गेली नाही. बाहेर उभी राहून ती समजुतीचे बोलत राहिली. ताटी आतूनच उघडली. ज्ञानदेवांची गोष्ट आणि या मुलांची गोष्ट एक नाही, ती एक करूही नये. पण मुक्ताबाईची रीत घेण्यासारखी आहे. मिटलेल्या दाराला अहंकार समजायचे नाही, दार फोडायचे नाही आणि दारापासून हलायचेही नाही.

यावर कोणी म्हणेल, "एकासाठी काय सगळ्या सभेने गप्प बसायचं? टाळ-मृदंगाशिवाय का कीर्तन होतं?" शंका रास्त आहे. पण टाळ आणि मृदंग शतकांचे आहेत, कर्णे कालपरवाचे. कीर्तन कर्ण्याशिवाय कित्येक पिढ्या रंगत आले. आपल्या नाशिकचा ढोल साऱ्या महाराष्ट्रात गाजतो आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण ढोल मोकळ्या रस्त्यावरचा. पत्र्याच्या मंडपात चार कर्णे चढवून तोच दणका आणला तर धडधाकट म्हाताऱ्याचेही काळीज हलते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती पाळली तर स्वमग्न मुलाबरोबर आजारी, तान्ही आणि वृद्ध यांचेही कल्याण होईल.

आणि गप्प होणे आपल्याला येत नाही असे थोडेच आहे? माउलींच्या पालखी सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला, की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. एका खुणेवर एवढा समाज शांत होतो, ही आपलीच शिस्त आहे. मग एका लेकरासाठी एक कर्णा खाली उतरवणे कठीण का वाटावे?

दुसरी शंका अशी, की "सवय केली म्हणजे आपोआप सोसेल. लाड कशाला?" याचे उत्तर कॅनर यांच्याच टिपणात आहे. वाऱ्याला भिणारी ही मुले स्वतः मात्र खुशाल मोठा आवाज करीत आणि त्यात रमत. म्हणजे आवाजाशी वैर नव्हते. न सांगता, आपल्या इच्छेविना अंगावर येणाऱ्या आवाजाचे भय होते. म्हणून जबरदस्तीने पहिल्या रांगेत बसवून सवय लागत नाही, भय मात्र घट्ट होते. त्याच्या हाती टाळ देऊन पाहावा. दुपारी मंडप मोकळा असताना त्याला आणावे, मृदंगाला हात लावू द्यावा, "आता इथून आवाज निघेल" हे आधी सांगावे. जो आवाज आपल्या हातातून निघतो तो पुष्कळदा सोसतो. कोणाला सोसेल, कोणाला नाही सोसणार. नाही सोसला तरी तो कमी ठरत नाही.

तिसरी शंका भाविकांची आहे. "तो मंडपाबाहेर राहिला तर त्याच्या कानी नाम कसं पडेल?" बरे, नाम काय मोठ्यानेच घेतले पाहिजे असे आहे? परंपरा सांगते, की त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर वाघाच्या भयाने निवृत्तिनाथ आईबापांपासून चुकले आणि एका गुहेत शिरले. तिथे गहिनीनाथांनी त्यांना उपदेश केला. पुढे निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना दिले आणि आपल्या पदरी जे आले ते त्यातून आले. त्या गुहेत टाळ नव्हते, मंडप नव्हता. ज्या ओघात आपण लाखांनी गर्जतो, त्याचा एक झरा अशा शांत अंधारात आहे. शांतपणे जवळ बसून, हळू आवाजात, रोज ठरल्या वेळी आणि त्याच क्रमाने म्हटलेला हरिपाठ स्वमग्न मुलाला मोठ्या सोहळ्यापेक्षा अधिक मानवण्याजोगा आहे. कारण ठरलेला क्रम हा त्याचा फार मोठा आधार असतो.

आता हे सारे दूरचे कोणासाठी चालले आहे असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजाने जगात १२७ माणसांत एक स्वमग्न आहे. अडीचशे-तीनशे वारकऱ्यांची दिंडी धरली, तर त्या हिशेबाने तिच्यात दोघांना जागा हवी. आपल्या दिंडीत ती दोघे नसतील तर ती कुठे आहेत? बहुधा घरी आहेत. आणि त्यांच्यापायी घरातले आणखी एक माणूस घरी आहे. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या लोटतात, ज्येष्ठात नाथांची पालखी नाशिक, सिन्नर, नगरच्या वाटेने पंढरीला निघते, तेव्हा ही घरी राहिलेली माणसे मोजणीत येत नाहीत.

म्हणून फडकऱ्यांनी आणि मंडळांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. मंडपाच्या कडेला, कर्ण्यापासून दूर, येता-जाता येईल अशी थोडी जागा राखावी. मुक्कामाला एक राहुटी शांत ठेवावी. मूल किंचाळले तर माना वळवून पाहू नये, एका बाईने उठून आईजवळ जावे आणि "काही हवंय का?" एवढेच विचारावे. मुलाला न विचारता हात लावू नये. कापसाचे बोळे, कानटोपी किंवा कान झाकण्याचे साधन घालून तो कीर्तनाला बसला तर त्याला हसू नये. चष्मा घालून पोथी वाचणाऱ्याला आपण हसत नाही.

एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. यातली काही मुले गर्दीतून नकळत निसटतात, आणि पुष्कळांना पाण्याची विलक्षण ओढ असते. भय मात्र नसते. २०२६-२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर आणि कुशावर्तावर अलोट गर्दी लोटणार. बोलता न येणाऱ्या मुलाच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, हातात कडे, आणि एका ठरलेल्या माणसाची नजर त्याच्यावर सतत असलीच पाहिजे. "सगळ्यांची नजर आहे" म्हणजे कोणाचीच नाही.

कायद्यालाही ही माणसे उशिराच दिसली. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला स्थान मिळाले. मूल १८ वर्षांचे झाल्यावर त्याला कायदेशीर पालक नेमून घेण्याची सोय १९९९ च्या कायद्यात आहे, "माझ्यामागं याचं कोण?" या आईच्या प्रश्नाचे ते थोडेसे उत्तर आहे. पण कायद्याच्या आधीही माणसे उभी राहतात. आपल्या नाशिकात रजनीताई लिमये यांनी १९७७ साली मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर काढले. त्या कामाची प्रेरणा त्यांना स्वतःच्या मुलापासून मिळाली. मतिमंदत्व आणि स्वमग्नता एक नव्हे. काहींत दोन्ही असतात, काहींत नसतात. पण जी मुले कोणाच्या हिशेबात नव्हती त्यांच्यासाठी एक बाई उठली, की गावाचा हिशेब बदलतो, हे नाशिकने पाहिले आहे.

शेवटी एवढेच मनात आणा. दिंडीत विणेकरी चालतो. टाळांच्या कल्लोळात आणि मृदंगाच्या घुमाऱ्यात त्या वीणेची तार कोणाला ऐकू येते? जवळच्याला क्वचित. तरी विणेकऱ्यावाचून दिंडी म्हणत नाहीत, आणि वीणा कधी खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ऐकू न येणाऱ्याला मान देणे ही आपली जुनीच रीत आहे. तीच पुढे चालवायची आहे, आणि तो मान त्या घरी राहिलेल्या मायलेकरांपर्यंत न्यायचा आहे.

रामकृष्णहरि.